फ्लूच्या तिसऱ्या दिवशी सीआरपी ४८ आला, म्हणून ॲडमिट करायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. वडील ६२ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या सुरू, नागपूरच्या मनीषनगरात तुमच्यासोबत राहतात. तीन दिवसांपासून ताप, खोकला, अंग दुखणं. स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू, निघाला. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबने तापाचं पॅकेज केलं आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: सीआरपी ४८, फेरिटिन ६१०, डी-डायमर ७८०, एलडीएच ३१०. चारही आकडे ठळक अक्षरांत, बाजूला वर जाणारे बाण. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर मात्र ९६. शेजारचे काका म्हणतात, लगेच धंतोलीतल्या रुग्णालयात नेऊन ॲडमिट करा. तुम्ही विचारताय, यातली कोणती टेस्ट खात्रीने सांगते की बाबा सीरियस होतील, आणि ती रोज करायची का.

थेट उत्तर असं: यातली एकही टेस्ट एकटीने ते सांगू शकत नाही. घरी आरामात बसून ९६ ऑक्सिजन असणाऱ्या माणसाबद्दल तर नाहीच. रोज रक्त काढू नका. पण दोन गोष्टी आजच्या आज पाहायला हव्यात आणि त्या तुमच्या निरोपात कुठेच नाहीत. बाबांना ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, सुरू झालं आहे का? आणि त्यांची शुगर व क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) किती आहे?

मी बाबांना तपासलेलं नाही. बी.पी. किती, छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर काय ऐकू येतं, आधी हृदयाचा किंवा दम्याचा त्रास होता का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे, आणि ते तुमच्या डॉक्टरांनीच पाहायचं आहे. मी इथे एवढंच सांगू शकते की असे रिपोर्ट समोर आले की मी ते कोणत्या क्रमाने वाचते आणि का.

पहिली गोष्ट हिशेबाची आहे. ती नीट समजली की पुढचं बरंच सोपं होतं. समजा एखादी टेस्ट बऱ्यापैकी चांगली आहे: पुढे गंभीर होणाऱ्या शंभरांपैकी ८० जणांत ती वाढलेली दिसते, आणि गंभीर न होणाऱ्या शंभरांपैकी ८० जणांत नॉर्मल राहते. हे आकडे मी फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. आता घरी बरे होत असलेल्या १,००० रुग्णांना ही टेस्ट केली आणि त्यांतले २० जण पुढे खरंच गंभीर होणार आहेत असं धरा. त्या २० पैकी १६ जणांची टेस्ट वाढलेली येईल. पण उरलेल्या ९८० पैकी १९६ जणांचीही वाढलेली येईल. म्हणजे ठळक अक्षरांतला रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं २१२, आणि त्यांच्यात खरोखर गंभीर होणारी फक्त १६. शंभरात सातआठ. शिवाय नॉर्मल रिपोर्ट घेऊन निर्धास्त झोपलेल्यांमध्येही गंभीर होणारे ४ जण आहेतच.

आता हीच टेस्ट नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात, ऑक्सिजनवर असलेल्या १,००० रुग्णांना करा. तिथे समजा २०० जणांची तब्येत बिघडणार आहे. वाढलेल्या रिपोर्टचे ३२० जण निघतील आणि त्यांतले १६० खरोखर बिघडतील. म्हणजे निम्मे. टेस्ट तीच, मशीन तेच, आकडाही तोच, पण त्याचा अर्थ पार बदलला, कारण रक्त कोणाचं काढलं ते बदललं. मोठ्या अभ्यासांतले बहुतेक आकडे अशा भरती झालेल्या रुग्णांचे असतात. ते घरी खाटेवर बसून चहा पिणाऱ्या माणसाला तसेच्या तसे लावले की घबराट होते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

आता एकेक आकडा घेऊ. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की सहा-आठ तासांत ते वाढायला लागतं, साधारण दोन दिवसांत शिखराला पोचतं, आणि दाहाचं कारण थांबलं की दर १९ तासांच्या आसपास निम्मं होत जातं. सीआरपी म्हणजे गल्लीच्या टोकाला दिसणारा धूर: काहीतरी पेटलंय हे कळतं, चूल आहे की घर ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. फ्लूच्या तिसऱ्या दिवशी ४८ हा आकडा मला मुळीच धक्कादायक वाटत नाही. जाड शरीर, धूम्रपान, दातांचा किंवा हिरड्यांचा जुना संसर्ग, यांनीही तो थोडा वर असतो. उलट यकृत फार खराब असेल तर दाह मोठा असूनही तो हवा तेवढा चढत नाही. १०० च्या वर गेला तर मात्र मी थांबते आणि विचारते, हा नुसता विषाणू आहे की वर जिवाणूंचा न्यूमोनिया चढलाय?

सीआरपीचं एकक नक्की पाहा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ४८ प्रति लिटर म्हणजेच ४.८ प्रति डेसिलिटर. काल एका लॅबचा ४.८ आणि आज दुसरीचा ४८ आला की लोक 'दहापट वाढला' म्हणून रात्री अकराला फोन करतात. वाढलेलं काहीच नसतं.

डी-डायमरमध्ये हा घोळ याहून मोठा आहे. रक्ताची गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे पडतात ते मोजणारी ही टेस्ट. ती दोन पद्धतींच्या एककांत दिली जाते, एफईयू आणि डीडीयू, आणि पहिल्यातला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. त्यावर कोणी नॅनोग्रॅममध्ये देतं, कोणी मायक्रोग्रॅममध्ये. तुमचे ७८० जर नॅनोग्रॅम एफईयू असतील तर नेहमीची मर्यादा ५०० आहे. पण वयाबरोबर डी-डायमर आपोआप वाढतो. फुफ्फुसातली गुठळी नाही ना हे तपासताना पन्नाशीनंतर आम्ही वय गुणिले दहा अशी मर्यादा धरतो. बाबांसाठी ती ६२० होते. ताप, संसर्ग, अलीकडचं ऑपरेशन, कर्करोग, गरोदरपण, या सगळ्यांत डी-डायमर वाढतो. म्हणून ताप असलेल्या माणसात ७८० पाहून गुठळी झाली असं म्हणता येत नाही. एक पाय सुजणं, अचानक छातीत दुखून दम लागणं, थुंकीत रक्त, अशी लक्षणं सोबत असतील तरच या आकड्यामागे जायचं, आणि मग लगेच जायचं.

फेरिटिन आणि एलडीएच या दोन टेस्टवर विदर्भातल्या डॉक्टरने तर आणखी सावध राहायला हवं. फेरिटिन मुळात शरीरातल्या लोहाचा साठा दाखवतं, आणि दाहातही वाढतं. मधुमेह, सुटलेलं पोट आणि यकृतात चरबी असलेल्या कितीतरी लोकांचं फेरिटिन ठणठणीत असतानाही वरच असतं. बाबांचं तीन महिन्यांपूर्वी किती होतं हे आपल्याला माहीतच नाही, मग आजचे ६१० कशाच्या तुलनेत जास्त म्हणायचे? याउलट लोहाची कमतरता असलेल्या बाईत, आणि आपल्याकडे त्या घरोघरी आहेत, फेरिटिन दाहाने वाढूनही नॉर्मलच्या चौकटीत दिसू शकतं. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत तर चित्र अगदीच वेगळं. त्यांच्या तांबड्या पेशी सतत फुटत असतात म्हणून एलडीएच कायम जास्त, वारंवार रक्त चढवलेलं असेल तर फेरिटिनही खूप जास्त, आणि डी-डायमरही एरवीच वाढलेला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून येणाऱ्या तापाच्या रुग्णांत हे लक्षात ठेवलं नाही तर रिपोर्टचा सरळ चुकीचा अर्थ निघतो. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आणि छातीत दुखणं असेल तर मात्र आकड्यांची वाटच पाहायची नाही. त्याला थेट रुग्णालयात न्यायचं, कारण त्याची तब्येत काही तासांत ढासळू शकते.

एलडीएच पेशी फुटल्या की रक्तात येतं, मग त्या फुफ्फुसाच्या असोत, यकृताच्या असोत की नळीतच फुटलेल्या तांबड्या पेशी असोत. शीर सापडली नाही म्हणून सुई फिरवली, सिरिंज जोरात ओढली, नमुना उन्हात दुचाकीच्या डिकीत तासभर फिरला, तरी एलडीएच वाढतं. रिपोर्टच्या तळाशी 'नमुना हिमोलाइझ्ड', म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, असं काही लिहिलंय का पाहा. आणि वेगवेगळ्या पद्धतींत नॉर्मलची मर्यादाच वेगळी असते, म्हणून ३१० हा आकडा त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशीच ताडायचा.

या चार महागड्या ओळींपेक्षा मी ज्या साध्या टेस्टकडे जास्त वेळ पाहते ती आहे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. ती तुमच्या पॅकेजमध्ये असणारच, पण तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही. त्यात लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल हे पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्क्यांत दिलेले असतात. लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशी ५,२०० आणि लिम्फोसाइट १४ टक्के असतील तर संख्या होते ७२८. १,००० च्या खाली गेलेली संख्या विषाणूजन्य न्यूमोनियात मला सावध करते, विशेषतः दोन दिवसांनीही ती वर येत नसेल तर. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे गुणोत्तर हल्ली बरेच जण काढतात. ८० आणि १४ असेल तर ते ५.७. हे गुणोत्तर वाढत जाणं चांगलं नाही. पण त्याचा अर्थ लावण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो: मधल्या दिवसांत कुठे इंजेक्शन घेतलं का? 'लवकर बरं वाटायचं' म्हणून दिलेल्या इंजेक्शनात पुष्कळदा डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड असतं. त्याने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट कमी होतात, ताप आणि सीआरपी दबतो, आणि मधुमेही माणसाची शुगर तीनशे-चारशेवर जाते. मग रिपोर्ट आजाराचा राहत नाही, इंजेक्शनचा होतो.

आकडे कोणत्या दिवशी काढले यालाही तितकंच महत्त्व आहे. कोविडच्या पहिल्या दोन लाटांत तब्येत बिघडायची ती साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी. दुसऱ्या दिवशीचा गुळगुळीत नॉर्मल रिपोर्ट पाहून घरी थांबलेले लोक आठव्या दिवशी धापा टाकत यायचे. नातेवाईक म्हणायचे, 'डॉक्टरसाहेब, रिपोर्ट तं सगळे नॉर्मल होते, मंग यायले दम काऊन लागते?' फ्लूचं वेळापत्रक वेगळं आहे. त्यात विषाणूचा स्वतःचा न्यूमोनिया व्हायचा असेल तर तो लवकर, बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांतच उघड होतो. बाबांचा आज तिसरा दिवस आहे. म्हणजे आज, उद्या आणि परवा त्यांच्या श्वासाकडे नीट लक्ष द्यायचं आहे.

तुम्ही म्हणाल, मग हे सगळे मार्कर, म्हणजे आजाराचा अंदाज देणारे रक्तातले हे आकडे, आले कुठून, सगळे डॉक्टर का लिहून देतात? त्यांना आधार आहे. मार्च २०२० मध्ये वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. भरती होताना डी-डायमर एक मायक्रोग्रॅमच्या वर असणाऱ्यांमध्ये मृत्यूची शक्यता फार जास्त दिसली, आणि तेव्हापासून ही टेस्ट घराघरात पोचली. पण ते १९१ जण भरती झालेले होते आणि आजार कोविड होता. कोविडमध्ये फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचं प्रमाण फ्लूपेक्षा बरंच जास्त. त्या आजाराची पट्टी फ्लूला जशीच्या तशी लावता येत नाही.

नंतर ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हजारो भरती रुग्णांच्या नोंदींवरून कोविडसाठी '४सी' नावाची गुणपद्धत बनवली. ती मला फार बोलकी वाटते. तिच्यात आठच गोष्टी आहेत: वय, लिंग, आधीचे आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, माणूस किती शुद्धीवर आहे, युरिया (किडनीशी संबंधित रक्ताची टेस्ट) आणि सीआरपी. एकूण २१ गुण. त्यात वयाला जास्तीत जास्त ७, आणि सीआरपी १०० किंवा त्याहून वर असला तरी फक्त २. पन्नासच्या खालच्या सीआरपीला शून्य. फेरिटिन, एलडीएच, डी-डायमर यांचा तिथे पत्ताच नाही, आणि ज्या दोन रक्ताच्या टेस्ट आहेत त्या कुठल्याही तालुक्याच्या गावी होतात. न्यूमोनियासाठी आम्ही वापरतो ती 'कर्ब-६५' पद्धतही अशीच: शुद्धीवर असणं, युरिया, श्वासाचा वेग, बी.पी. आणि वय. पाचपैकी चार गोष्टींना सुई लागतच नाही.

मार्करचा माझ्या मते सगळ्यात योग्य उपयोग म्हणजे उपचार निवडणं. कोविडवरच्या औषधांच्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत टोसिलिझुमॅब हे दाह दाबणारं औषध कोणाला दिलं? ज्यांचा ऑक्सिजन ९२ च्या खाली होता किंवा जे ऑक्सिजनवर होते, आणि शिवाय ज्यांचा सीआरपी ७५ किंवा जास्त होता, त्यांना. दोन्ही अटी एकत्र. तिथे फायदा दिसला. म्हणजे सीआरपीला विचारलेला प्रश्न 'हा माणूस वाचेल का' असा नव्हता. 'ऑक्सिजन लागलेल्या या माणसाला हे औषध द्यायचं का' असा होता. आपल्या देशातल्या एप्रिल २०२१ च्या कोविड मार्गदर्शनातही सीआरपी आणि डी-डायमर मध्यम आजारात ४८ ते ७२ तासांनी करायला सांगितले होते, आणि आयएल-६ ही दाहाचीच आणखी एक टेस्ट फक्त तब्येत ढासळत असेल तर. सौम्य आजारात हे काहीच करू नका, असं दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं.

ते का सांगावं लागलं हे नागपूरने जवळून पाहिलं आहे, आणि म्हणूनच मी एवढं लांबण लावतेय. त्या एप्रिल-मेमध्ये वाढलेला सीआरपी पाहून घरोघरी स्टेरॉइड सुरू झाली, ऑक्सिजन ९७ असतानाही. 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामिथासोनने व्हेंटिलेटरवरच्या आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही, उलट कल नुकसानीकडेच दिसला. हे जून २०२० पासून माहीत होतं. मधुमेही माणसांनी ती स्टेरॉइड घेतली, शुगर भडकली, आणि पुढच्या काही आठवड्यांत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वॉर्डात येऊ लागले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा टाळू. म्हणून कळकळीने सांगते, हा ४८ पाहून कोणी बाबांना स्टेरॉइड देऊ पाहत असेल, तर 'ऑक्सिजन ९६ आहे, मग कशासाठी?' हे विचारा. ७८० पाहून रक्त पातळ करणारी गोळी सुरू करू नका. घरी असलेल्या कोविड रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या २०२१ च्या चाचणीत अशा गोळ्यांचा फायदा दिसला नाही, आणि रक्तस्रावाचा धोका मात्र त्यांच्यासोबत येतोच.

मग बाबांकडे पाहायचं कसं? फ्लूसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्वाइन फ्लूच्या काळापासून रुग्णांचे ए, बी, सी असे गट केले आहेत, आणि त्या वर्गवारीत एकही रक्ताची टेस्ट नाही. मधुमेह असल्यामुळे बाबा बी गटात येतात. म्हणजे ओसेल्टामिविर सुरू करण्यासाठी कोणत्याही आकड्याची वाट पाहायची गरज नाही. पहिल्या ४८ तासांत त्याचा फायदा सर्वांत जास्त, पण जोखमीच्या माणसाला नंतरही देतात. नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनी कमी काम करत असेल तर डोस कमी करावा लागतो. म्हणून मी सुरुवातीलाच क्रिएटिनिन विचारलं. आज डॉक्टरांशी बोलून हे पक्कं करा.

सी गट म्हणजे रुग्णालय: दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, बी.पी. कमी होणं, थुंकीत रक्त, नखं निळसर पडणं. यातलं एकही दिसलं तर सीआरपी ५ असला तरी न्यायचं.

श्वास मोजायला शिका. बाबा शांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. सांगून मोजलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. वीसच्या आत ठीक. चोवीस किंवा जास्त असेल आणि ताप उतरल्यावरही तसाच राहिला तर दवाखाना. ऑक्सिमीटर पाच मिनिटं स्वस्थ बसल्यावर, कोमट बोटावर, नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेल्या नखावर लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. गडद त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २०२० मध्ये हे दिसलं, आणि आपल्याकडच्या रंगांचा विचार करता मी ९४ ला कधीच निश्चिंत होत नाही. ९३ किंवा खाली म्हणजे निघायचं. बसून आकडा चांगला असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालवून पुन्हा पाहा. तीन किंवा जास्त अंकांनी उतरला तर फुफ्फुस आतून त्रासात आहे. बसल्याबसल्याच दम असेल तर ही चाचणी करू नका. आणि ज्यांना सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुना आजार आहे, कोळसा खाणीत किंवा धुळीत आयुष्य गेलंय, त्यांचा नेहमीचाच आकडा ९१-९२ असू शकतो. त्यांच्यात नेहमीपेक्षा किती घसरला ते पाहायचं.

रक्त पुन्हा कधी काढायचं? दोन प्रसंगी मी नक्की काढते. पहिला, ताप पाचव्या दिवसानंतरही हटत नसेल किंवा वर सांगितलेल्यापैकी काही बदललं असेल. दुसरा प्रसंग जास्त फसवा आहे. ताप उतरतो, माणूस दोन दिवस बरा असतो, जेवायला लागतो, आणि मग थंडी वाजून पुन्हा ताप, पिवळा किंवा गंजासारखा बेडका. फ्लूने सोललेल्या श्वासनलिकेतून न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आत शिरल्याची ही खूण. इथे आजचे ४८ खरोखर कामाला येतील. आज ४८ होते आणि तेव्हा १८० आले तर मला उत्तर मिळालं. प्रोकॅल्सिटोनिनवर पैसे घालायचे तर ते इथे, कारण ती टेस्ट जिवाणूंच्या बाजूने जास्त बोलते. पण तीही एक्स-रेची जागा घेत नाही. आणि ४८ चे ५५ झाले तर त्याला वाढ समजू नका. एवढा फरक सकाळ-संध्याकाळच्या नमुन्यातही पडतो. तुलना करायची तर तीच लॅब, तेच एकक.

मधुमेहासाठी वेगळं सांगते, कारण फ्लूमध्ये मधुमेही माणूस बिघडतो तो पुष्कळदा शुगरच्या वाटेने. घरच्या ग्लुकोमीटरवर दिवसातून तीन-चारदा पाहा. जेवण कमी आणि उलट्या असतील तर मेटफॉर्मिन आणि विशेषतः डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) गोळी सुरू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना आजच विचारा. या दुसऱ्या गोळीवर असलेल्या उपाशी माणसाच्या रक्तात शुगर फार न वाढताही कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साचू शकतात, आणि मग तो खोल-खोल, भरभर श्वास घेतो. ऑक्सिजन ९८, छाती साफ, तरी दम. अशा वेळी कीटोनची टेस्ट जीव वाचवते आणि फेरिटिनचा काडीचाही उपयोग नसतो.

एक शंका मात्र मनात राहू द्या. हे दिवस पोळ्याच्या आसपासचे आहेत. नागपुरात याच महिन्यांत डेंग्यूही असतो, आणि डेंग्यूत फेरिटिन हजारोंत जाऊ शकतं. २०१८ मध्ये याच दिवसांत विदर्भात स्क्रब टायफसचे, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचे, रुग्ण मोठ्या संख्येने निघाले होते. त्यातही ताप, खोकला आणि दम असतो, आणि डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, वेळेत ओळखला तर. बाबांचा स्वॅब पॉझिटिव्ह आहे म्हणून फ्लू आहेच, पण प्लेटलेट घसरत असतील, अंगावर काळी खपली (त्या चाव्याची खूण) दिसली, किंवा अलीकडे शेतात-झुडपांत गेले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आज रात्रीपुरतं सांगायचं तर, श्वास वीसच्या आत, ऑक्सिजन ९५-९६, नीट बोलत आहेत, लघवी होतेय, थोडंफार पोटात जातंय, शुगर आटोक्यात आणि औषध सुरू, असं सगळं असेल तर मी माझ्या स्वतःच्या वडिलांनाही घरीच ठेवलं असतं. दर सहा तासांनी श्वास आणि ऑक्सिजन एका कागदावर वेळेसकट लिहा, आणि रात्री न्यायची वेळ आली तर कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या गाडीने, हे आत्ताच ठरवून ठेवा. सोबत तो कागद, गोळ्यांची पाकिटं आणि हे रिपोर्ट न्या. कॅज्युअल्टीतला डॉक्टर आधी तो कागदच मागेल.

आई घरात असतील तर त्यांची झोपायची खोली चार दिवस वेगळी करा आणि बाबांना मास्क लावायला सांगा. आईंना ताप आला आणि त्यांनाही बी.पी., शुगर किंवा दमा असेल, तर पॅकेज मागवण्याऐवजी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बाबा बरे झाले की फ्लूची या वर्षीची लस आणि न्यूमोकोकसची लस याबद्दल विचारून घ्या. त्यांच्या वयाला आणि मधुमेहाला दोन्ही लागू आहेत.